शीग

माप माझ्या हातात आहे म्हणून
लोक मला आधी सलाम करतात.
मीही यादीतलीच,
कार्ड पिशवीत, पिशवी छातीशी;
पण महिन्यातले सहा दिवस
मी पोत्यांच्या पलीकडे उभी असते
आणि रांग अलीकडे.

नियम सोपा आहे.
माप भरायचं, वरून फळी फिरवायची,
फळीच्या वर उरेल ते पुन्हा पोत्यात.
साहेब शिकवताना दोनदा म्हणाला, सपाट.
तिसऱ्यांदा त्यानं हातानंच करून दाखवलं,
कुणी मेलेल्याचे डोळे मिटावेत तसं.

जिनेनाच्या बाजारात माझं दुकान होतं.
दुकान म्हणजे चटई:
वाळवलेली भेंडी, शेंगदाणे, टोमॅटोची खारवलेली कापं.
आमचं मापटं पत्र्याचं. तिकडे आम्ही कोरा म्हणायचो,
इकडे कोरो म्हणतात. वाडगं तेच.
भरलं की मी वर शीग चढवायचे,
दाणा दाण्यावर टिकेपर्यंत,
मग अजून चिमूटभर,
आणि घरंगळेल ते गिऱ्हाइकाचं.
आई म्हणायची, सपाट माप म्हणजे उधारी,
शीग चढली की व्यवहार पुरा.
त्या चटईचं पुढे काय झालं
मी कुणाला विचारत नाही.

या महिन्यात नऊ मापांची पाच झाली.
कागद खांबाला डकवलाय, फ्रेंचमध्ये आणि अरबीत.
ज्यांना वाचता येत नाही
त्यांनी तो माझ्या हातात वाचला.
म्हातारा इद्रिस पोत्याचं तोंड धरून उभाच राहिला.
"मोजायला चुकलीस, पोरी."
नाही चुकले, बाबा.
"मग पुन्हा मोज."
पुन्हा मोजलं. पाच.
दोनदा मोजलं म्हणून
दुवा देऊन गेला.

कुंपणाबाहेर अश्ता बसते, सरपणाचे भारे घेऊन.
ती इथलीच, याच गावची.
तिचं नाव कुठल्याच यादीत नाही
कारण तिनं कुठलीच सीमा ओलांडली नाही.
तिची कणगी मी आत डोकावून पाहिली आहे:
तळाशी कोंबडी अंड्यावर बसलेली.
तुम्ही आलात नि लाकूड लांब गेलं,
पाणी खोल गेलं,
हे ती भांडताना बोलते.
भांडण नसतं तेव्हा
नुसती डोंगराकडे बघते.

मग कांद्याचं बियाणं आलं.
दोघींत एक डबा, अट अशी
की एक इथली हवी, एक तिथली.
जमीन तिची, वादीच्या काठची; 
नदी वर्षातून दोन महिने, बाकी वाळू.
त्या वाळूत आम्ही कमरेइतकं खणलं, मग गळ्याइतकं.
ती म्हणाली, वाफे उभे पाड. मी म्हटलं, आडवे.
तीन दिवस बोलणं बंद,
पाणी मात्र दोघी शेंदत होतो,
एकीची बादली वर, एकीची खाली.
अकरा वाफ्यांतला एक बकरीनं खाल्ला,
दोन नुसतेच पिवळे पडले.

वाटणी तिनं करावी असं मीच म्हटलं.
माझ्या हाताला सपाटीची सवय लागली होती,
मला त्याचा भरवसा नव्हता.
तिनं कोरोत कांदे भरले, वर आणखी रचले.
कांद्याची शीग टिकते का कधी?
गडगडले.
एक माझ्या मांडीवर, एक खड्ड्यात.
"हं, तो तुझाच," ती म्हणाली,
आणि खड्ड्यातला काढायला स्वतः उतरली,
कंबर धरत, शिव्या घालत.

काल पुन्हा वाटप.
मी माप भरलं, फळी फिरवली. सपाट.
साहेब बघत होता; तो नसता
तरी पोती मोजलेलीच आहेत,
रांगेच्या शेवटी कुणाची तरी चार झाली असती.

संध्याकाळी पोती झटकून झाली
की खाली सांडलेलं आमचं, माप ओतणाऱ्यांचं:
माती, खडे, सुतळीचे धागे, ज्वारी.
सूप अश्ताकडून मागून आणलं होतं.
सुपामागे तीही आली.
पाखडायला कुणी बसायचं
यावर पुन्हा वाजलं आमचं.